अलिफच्या आधी बोली

आपल्याकडे मूल चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं झालं की बिस्मिल्लाखानी करतात. सगळेच करतात असं नाही, दिवस अगदी मोजूनच धरतात असंही नाही. पण रिवाज जुना आहे. मुलाला नवे कपडे, गळ्यात हार, समोर पाटी किंवा कायदा. मौलानासाहेब किंवा घरातले कुणी बुजुर्ग त्याच्याकडून ‘बिस्मिल्लाह’ म्हणवून घेतात, बोट धरून अलिफ गिरवून घेतात आणि मग मिठाई वाटली जाते. मुलाचं पहिलं अक्षर हा साऱ्या घराचा सण मानणारी ही रीत मला मनापासून आवडते.

माझी तक्रार आहे ती दुसऱ्या दिवसाची. दुसऱ्या दिवशी कायदा जुझदानात जातो, मूल मक्तबात आणि बालवर्गात जातं आणि आईबाप निर्धास्त होतात. आता शिकवणारे शिकवतील! त्या सणाच्या आधीची चार वर्षं तर कुणाच्या हिशेबातच नसतात. मूल त्या काळात फक्त खेळलं, खाल्लं, झोपलं, असं आपण धरून चालतो. मूल वाचायला शिकतं त्याचा पाया मात्र नेमका त्याच चार वर्षांत घातला जातो, आणि तो घालणारी माणसं शाळेत नसतात, घरात असतात.

मी सोलापुरात उर्दू आणि मराठी शिकवते. वीसेक वर्षं झाली. माझ्याकडे मुलं येतात ती पाचवीत. दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला जवळ बोलावून एक उतारा वाचायला लावते. काही मुलं सफाईनं वाचतात. काही अडखळत, अक्षराला अक्षर जोडत वाचतात. आणि काही मुलं असतात, ज्यांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ती न अडखळता, मोठ्या आवाजात सगळा उतारा वाचून दाखवतात. मी विचारते, “बेटा, यात काय सांगितलंय?” तर माझ्या तोंडाकडे पाहत राहतात. वाचलं सगळं, कळलं काहीच नाही. या मुलांना अक्षरं शिकवायची राहिली नव्हती. दुसरंच काही राहून गेलं होतं.

माझी चूक

ते काय राहून गेलं, हे मला बीएडच्या पुस्तकांपेक्षा एका आईनं जास्त चांगलं शिकवलं. त्यात माझीच चूक होती, म्हणून ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी पालकसभेत मी बोलायला उभी राहिले. समोर बहुतेक आयाच होत्या. कुणी विड्या वळणाऱ्या, कुणी शिलाईकाम करणाऱ्या, कुणी धुणीभांडी करून धावतपळत आलेल्या. मुलांच्या वह्यांमधल्या चुकांनी मी वैतागले होते. मी सांगितलं, “घर में बच्चों से साफ उर्दू बोलिए. ये ‘नक्को’, ‘हौ’, ‘कैकू’ बंद कीजिए. जैसी ज़बान घर में, वैसीच कापी में आती है.” (त्या वाक्यातही ‘वैसीच’ आलं, हे मला तेव्हा जाणवलंही नाही!) सगळ्यांनी माना डोलावल्या. छान बोललो, असं मला वाटलं.

आठ-दहा महिन्यांनी त्यातलीच एक आई मुलीच्या कामासाठी शाळेत आली. सोबत चार वर्षांचा धाकटा होता. मी त्याला नाव विचारलं, खाऊ दिला, काहीबाही विचारलं. पोरगं एक शब्द बोलेना. लाजतोय म्हणावं तर डोळे टवटवीत, नजर इकडेतिकडे फिरणारी. मी आईला विचारलं, “घर में बोलता है ना?” ती म्हणाली, “कमीच बोलता टीचर. मैं बी कमीच बोलती.” का? तर म्हणाली, “तुमीच बोले ना, घर में साफ उर्दू बोलो बोलके. मेरेकू नै आती साफ उर्दू. गलत बोलके बच्चे का बिगाड़ने से चुप रैना अच्छा, बोलके मैं चुपिच रैती.”

मला काय उत्तर द्यावं कळेना. एका आईनं माझ्या सांगण्यावरून आपल्या लेकराशी बोलणं कमी केलं होतं. आज्ञाधारकपणे, त्याच्या भल्यासाठी!

आधी मी तिला मुलाचे कान तपासून घ्यायला सांगितलं, कारण मूल कमी बोलत असेल तर पहिली शंका कानांची घ्यायला हवी. कान ठीक होते. मग तिला घरी बोलावून माफी मागितली आणि विचारलं, “तुझी आई तुला काय गोष्टी सांगायची?” ती हसली. मग अर्धा तास तिनं मला चिमणीची आणि कावळ्याची, सात भावांच्या एका बहिणीची अशा गोष्टी सांगितल्या. अस्सल दख्नीत, आवाज बदलून, हातवारे करून. पालकसभेत ही बाई तोंड उघडत नसे. मी म्हटलं, “हेच. रोज. जसं मला सांगितलंस तसंच.”

या गोष्टीचा शेवट चमत्काराचा नाही. तो मुलगा पुढे हळूहळू बोलू लागला, पहिलीत गेला, इतरांसारखाच अडखळत वाचायला शिकला. फक्त वाचलेलं समजलं नाही तर तो थांबून विचारतो, “मतलब?” माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

एक मूल, चार लेखनपद्धती

आपल्या मुलावर किती भाषांचा भार असतो, हे एकदा नीट पाहिलं पाहिजे. सकाळी किंवा संध्याकाळी मक्तबात अरबी कायदा. शाळा उर्दू माध्यमाची असेल तर नस्तालीकमध्ये उर्दू. सोबत देवनागरीत मराठी. आणि पहिलीपासून इंग्रजी. घरात मात्र यांपैकी एकही नाही. घरात दख्नी. वयाच्या सहाव्या वर्षी चार लेखनपद्धती, आणि त्यातली एकही त्याच्या आईच्या तोंडची बोली लिहीत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. आपलं सोलापूर तर याच गोष्टीसाठी ओळखलं जातं. पद्मशाली घरात तेलुगू, लिंगायत घरात कन्नड, बाहेर मराठी. बालभारती आठ माध्यमांतून पाठ्यपुस्तकं काढते. त्यांत मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू या चारही भाषा आहेत. तरीही पुस्तकातली तेलुगू किंवा कन्नड आणि घरातली तेलुगू किंवा कन्नड यांत अंतर राहतंच. म्हणून हे वाचणाऱ्या बिगरमुस्लिम मित्रांनीही दख्नीच्या जागी आपापली बोली ठेवून पुढचं वाचावं.

यातली प्रत्येक लिपी मुलाला वेगळं काही शिकवते. कायद्यात प्रत्येक अक्षरावर ज़ेर, ज़बर, पेश दिलेले असतात. त्यामुळे सहा-सात वर्षांचं मूल आवाजाला आवाज जोडून अचूक उच्चार करायला शिकतं. ही साधी गोष्ट नाही. कान तयार होतो, धीर येतो, एका जागी बसण्याची सवय लागते. पण त्या शब्दांचा अर्थ मुलाला माहीत नसतो आणि तिलावतीचा हेतूही वेगळा असतो. मक्तबाला मी दोष देत नाही. मक्तब आपलं काम करतं. चूक आपली होते, कारण मूल कायदा घडाघडा म्हणू लागलं की ‘आता याला वाचता येतं’ असं आपण समजतो.

उर्दूचं गणित नेमकं उलटं आहे. नेहमीच्या उर्दू लिखाणात ज़ेर, ज़बर, पेश लिहीत नाहीत. मीम आणि लाम जोडले की ‘मिल’ही होतं आणि ‘मल’ही. अलिफ आणि सीन जोडले की ‘इस’ही होतं आणि ‘उस’ही. कोणता शब्द आहे, हे अक्षरांकडे कितीही टक लावून पाहिलं तरी कळत नाही. वाक्य समजलं तरच कळतं. शिवाय एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं. म्हणजे उर्दू वाचणाऱ्या मुलाला शब्द आधीपासून कानानं ओळखीचा असावा लागतो. तो ओळखीचा असेल तर डोळा त्याला पटकन पकडतो. नसेल तर मूल अंदाजानं काहीतरी बोलतं किंवा गप्प बसतं.

मराठीत काना, मात्रा, वेलांटी सगळं लिहिलेलं असतं. त्यामुळे आपली मुलं मराठी पटकन ‘वाचू’ लागतात. पण ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतात, कारण ‘ण’ आणि ‘ळ’ त्यांच्या घरच्या बोलण्यात नाहीत आणि उर्दूच्या अक्षरांतही नाहीत. उच्चार पुढे सुधारतात. शब्दांचा अर्थ माहीत नसणं ही त्याहून मोठी अडचण आहे.

थोडक्यात, अरबीत उच्चार येतो पण अर्थ नाही; उर्दूत अर्थ आला तरच उच्चार येतो; मराठीत उच्चार येतो आणि अर्थ अर्धाच येतो. हे तिन्ही धागे मुलाच्या डोक्यात एकत्र बांधायला त्याच्याकडे एकच दोरी असते. ती म्हणजे घरात ऐकलेली, अर्थासकट ऐकलेली बोली.

‘ख़लम’ लिहिणारं मूल

दख्नीची खूण काय, असं कुणी विचारलं तर मी ‘क़ाफ’ सांगेन. आपल्या बोलीत क़ाफचा ख़े होतो. क़लमचं ‘ख़लम’, क़रीबचं ‘ख़रीब’. उर्दूच्या श्रुतलेखनात मूल क़लमच्या जागी ख़े घालून ‘ख़लम’ लिहितं आणि आम्ही लाल शाईनं गोल करतो. मीही वर्षानुवर्षं केला.

आता मला त्या चुकीत दुसरंच दिसतं. या मुलानं शब्द कानानं ऐकला, त्याचे आवाज सुटे केले, पहिल्या आवाजासाठी बरोबर अक्षर शोधलं आणि लिहिलं. वाचन शिकण्यात याहून महत्त्वाचं कौशल्य नाही. त्याचा कान बरोबर आहे, हातही बरोबर आहे. फक्त पुस्तकाचा रिवाज वेगळा आहे. त्याला “गलत” म्हणण्याऐवजी “हम ख़लम बोलते, किताब में क़लम लिखते” एवढं सांगितलं तर त्याला नवीन गोष्ट कळते आणि आपली आई अडाणी आहे हा धडा तो सोबत शिकत नाही.

दख्नी मराठीच्याही आड येत नाही. ‘नक्को’ मराठीच्या ‘नको’तून आलेला आहे. ‘मैच’, ‘वैसाच’ यांतला ‘च’ मराठीचाच आहे. आपलं मूल शाळेत पाऊल ठेवण्याआधीच मराठीच्या उंबऱ्यावर उभं असतं. मराठीच्या शिक्षकाला हे माहीत असेल तर त्याचं अर्धं काम हलकं होईल.

काही जण म्हणतील, हे ठीक आहे, पण जमाना इंग्रजीचा आहे. घरात दख्नी बोलत राहिलो तर मूल मागे पडेल. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. त्यांचं म्हणणं असं की, दोन भाषा डोक्यात वेगवेगळ्या डब्यांत राहत नाहीत. एका भाषेत गोष्ट नीट सांगता येणं, कारण देता येणं, तुलना करता येणं हे एकदा आलं की ते दुसऱ्या भाषेतही वापरता येतं. इथे फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी आधी त्या गावच्या मराठी बोलींचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला आणि मग प्रगत शिक्षण संस्थेतून मुलांच्या वाचन-लेखनाचं काम उभं केलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा माध्यम असावी, असं म्हटलं आहे. माध्यम कोणतं निवडायचं हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. मी त्यात पडत नाही. पण इंग्रजी माध्यमात घातलं म्हणून घरात मोडक्या इंग्रजीत चार हुकूम देणं (“कम”, “सिट”, “ईट”) आणि गप्पा बंद करणं, हा तोट्याचा सौदा आहे. हुकुमाच्या भाषेत मुलाला वाक्य मिळत नाही, गोष्ट मिळत नाही.

जात्यावरचा अलिफ

ज्या बोलीची आपल्याला लाज वाटते, तिचा इतिहास आपल्या घरापासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. विजापूरच्या आदिलशाहीत दुसऱ्या इब्राहीम आदिलशहानं ‘किताब-ए-नौरस’ दख्नीत लिहिलं. त्याहून माझ्या कामाची गोष्ट सूफींची आहे. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ च्या पुस्तकात चक्कीनामे, चरखानामे, लोरीनामे यांबद्दल लिहिलं आहे. सूफींनी दख्नीत रचलेली ही गाणी बायका दळताना, सूत काढताना, बाळ झोपवताना म्हणत. एका चक्कीनाम्यात तर जात्याच्या खुंट्याला अलिफ अक्षराची उपमा दिलेली आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जिनं कधी पाटी हातात धरली नाही, ती बाई जात्याचा खुंटा फिरवता फिरवता अलिफ शिकत होती आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेलं मूल ते ऐकत होतं. मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या याच अंगणातल्या. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. हात कामात आणि तोंड गाण्यात, ही आपल्या आज्ज्यांची शाळा होती.

प्रत्येक जलशात आपण ऐकतो की आईची मांडी हा पहिला मदरसा. पण त्या मदरशाची ज़बान कोणती, हे कुणी विचारत नाही. ती दख्नी आहे. ती बंद करून तो मदरसा चालणार नाही.

मग घरात काय करायचं?

आया मला हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या मनात महागडी पुस्तकं, ट्यूशन, अ‍ॅप असं काहीतरी असतं. मी जे सांगते त्याला पैसे लागत नाहीत.

पहिलं, बोला आणि बोलू द्या. “खाना खाया?” या प्रश्नाला ‘हौ’ एवढंच उत्तर येतं. “आज मक्तब में क्या हुआ?”, “बकरी कैकू पळी?” असं विचारलं तर वाक्य येतं. मूल वाक्य सांगत असेल तर मध्येच दुरुस्त करू नका. पूर्ण होऊ द्या आणि मग तेच थोडं मोठं करून परत म्हणा.

दुसरं, गोष्ट सांगा आणि तीच पुन्हा सांगा. मोठ्यांना कंटाळा येतो, मुलांना येत नाही. पाचव्यांदा सांगताना ओळखीच्या जागी थांबा, मूल पुढचा शब्द भरेल. पुढे काय येईल याचा अंदाज घेणं, हेच ते पुढे पुस्तक वाचताना करणार आहे. ‘इस’ की ‘उस’ हे त्याला याच सवयीनं कळेल.

तिसरं, आवाजांचे खेळ. सु-लै-मान, तीन टाळ्या. फा-ति-मा, तीन टाळ्या. नूर, एकच टाळी. ‘ब’ ची वस्तू कोण सांगतं? बकरी, बालटी, बल्ब, बिर्यानी! हे स्वयंपाक करताना, विड्या वळताना, रिक्षात बसल्यावर होतं. अक्षर दाखवायची गरज नाही. शब्द आवाजांचा बनलेला असतो हे कानाला कळलं की अलिफ-बे आणि अ-आ-इ दोन्ही सोपे होतात.

चौथं, रस्त्यावरचं वाचा. दुकानाची पाटी, बसवरचं गावाचं नाव, मिठाची पिशवी, टॉवेलवरचं लेबल, घरी आलेला लग्नाचा रुक्का. रुक्का तर कधी कधी उर्दू आणि मराठी दोन्हींत असतो. त्यात मामूंचं नाव शोधायला लावा. बाजारची यादी मुलासमोर लिहा. लिहिलेलं कामाला येतं, हे मुलाला दिसलं पाहिजे.

पाचवं, पुस्तक हाताला लागेल असं ठेवा. कुरआन शरीफ आपण उंचावर ठेवतो, तो अदब आहे आणि तो मुलानं शिकलाच पाहिजे. पण गोष्टीचं पुस्तक उंचावर ठेवायचं काही कारण नाही. ते मळेल, फाटेल, चालेल. आईला वाचता येत नसेल तर तिनं चित्रांवरून गोष्ट सांगावी. मोठ्या बहिणीनं वाचून दाखवावं, तिचंही वाचन पक्कं होतं. मुलं थोडी मोठी झाली की उर्दूत ‘बच्चों की दुनिया’ आणि मराठीत बालभारतीचं ‘किशोर’ ही मासिकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि उर्दूतली चित्रपुस्तकं मोबाईलवर फुकट मिळतात. मोबाईल मुलाच्या हातात देऊन आपण उठून जाण्यापेक्षा मांडीवर घेऊन एक गोष्ट सोबत पाहा, मग फोन बाजूला ठेवा.

सहावं, लिहिण्याची घाई नको. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल कोंबून ओळी भरून घेणं हा छळ आहे. त्याला रेघोट्या मारू द्या आणि “काय लिहिलंस?” म्हणून विचारा. कणीक मळू द्या, मणी ओवू द्या, बोटं तयार होतात. पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव असू द्या, उर्दूतही आणि मराठीतही. एक लिपी उजवीकडून, दुसरी डावीकडून. सुरुवातीला गोंधळ होईल, अक्षरं उलटी पडतील. मारू नका. बहुतेकांचं ते सरावानं आपोआप सुटतं.

आणि एक इशारा. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर ‘बाप भी देर से बोला था’ म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या.

फक्त आईनंच का?

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, टीचर, पुन्हा सगळं आईच्याच गळ्यात! बरोबर आहे. जी बाई दिवसाला हजार विड्या पुऱ्या करण्यासाठी मान मोडून बसते, तिला ‘आता मुलाशी खेळ’ असं सांगण्याचा मला काय हक्क? म्हणून मी तिला वेगळा वेळ काढायला सांगत नाही. हात चालू असताना तोंड मोकळं असतं, एवढंच सांगते.

वेगळा वेळ काढायला मी बापांना सांगते. कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर तासभर जातो, त्यातली पंधरा मिनिटं मुलाची आहेत. बाप पुण्याला किंवा आखातात असेल तर रात्री एक गोष्ट व्हॉइस मेसेजवर पाठवू शकतो. मूल तोच मेसेज दहादा ऐकेल. नानी, फुप्पी, चाचा यांची बडबडही मोजा. अमेरिकेत १९९५ साली हार्ट आणि रिसली यांनी ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून असा निष्कर्ष काढला की गरीब घरांत मुलांच्या कानावर फार कमी शब्द पडतात. पुढे इतर संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला. आई एकटीच नाही, आजूबाजूच्या सगळ्या माणसांचं बोलणं मोजलं तर चित्र बदलतं, असं त्यांनी दाखवलं. आपल्या मोहल्ल्यात शब्दांची कधीच टंचाई नव्हती. फक्त ते शब्द मुलाच्या दिशेनं वळवायचे आहेत.

आणि आम्ही शिक्षकांनी

दोष फक्त घराचा नाही, हे लिहिल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक ठरेल. असर २०२४ च्या पाहणीत, देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये तिसरीतल्या सुमारे २३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. बाकीच्या साऱ्या आयांनी काही कमी केलं, असं कुणी म्हणू शकेल का? जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या नावातच ‘समजून वाचणं’ हे शब्द आहेत, आणि २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला ते यावं असं उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रात ‘पहिले पाऊल’ अभियानात मातागट सुरू झाले. कल्पना उत्तम आहे. पण त्या गटात बसलेल्या आईला ‘तुमची भाषा सुधारा’ असं सांगितलं गेलं तर तीही माझ्या त्या आईसारखी गप्प होईल.

म्हणून अंगणवाडीताईंना, बालवर्गाच्या टीचरना आणि माझ्याबरोबरच्या सगळ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पहिली दोन वर्षं मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या. महिन्यातून एकदा एखाद्या नानीला वर्गात बोलवा आणि तिची गोष्ट ऐका. मुलांनी सांगितलेलं वाक्य, ते जसं बोलले तसं, फळ्यावर लिहा आणि त्यांनाच वाचायला लावा. मग शेजारी पुस्तकी उर्दूतलं किंवा मराठीतलं वाक्य लिहा. ‘हम ऐसा बोलते, किताब में ऐसा लिखते.’ एवढ्यानं आईची अब्रूही राहते आणि भाषाही येते.

आता पालकसभेत मी वेगळं बोलते. सुरुवातीलाच सांगते की काही वर्षांपूर्वी मी इथेच उभं राहून तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मग विचारते, “कल रात को बच्चे को कौनसी कहानी सुनाए?” पहिल्यांदा कुणी बोलत नाही. मग मागच्या रांगेतून एखादी म्हणते, “टीचर, हमारी कहानी क्या, ऐसीच रैती, गाँव की.”

मी म्हणते, वोइच चाहिए. सुनाओ.